तिसऱ्या कडव्याला बक्षीस

मी ज्या घरात खोली घेऊन राहते, त्या घरची मुलगी कंट्री म्युझिक गाते आणि स्वतःची गाणी स्वतः लिहिते, हे मला तिथे राहायला जाऊन काही आठवडे झाल्यावर कळलं. तोपर्यंत काकूंनी एवढंच सांगितलं होतं की ती ‘म्युझिकमध्ये कन्सल्टंट’ आहे आणि टेनेसीला असते. म्युझिकमध्ये कन्सल्टंट म्हणजे नक्की काय, हे मी विचारायला हवं होतं. पण मी सहसा काही विचारत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिल्या माणसाला काहीच माहीत नसतं, म्हणून तो सगळं माहीत असल्यासारखी मान हलवत राहतो. मी यवतमाळजवळच्या गावातून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत अशी मान हलवतच आले.

एका शनिवारी सकाळी खाली आले, तर ओट्याशी एक बाई उभी. अंगात झालरीचं जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि कढईतूनच पोहे खाणं चाललेलं.

“तू ती मातीवाली?”

मी मान हलवली. मी इथल्या विद्यापीठात माती तपासायला शिकते. काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “माती खायला एवढ्या लांब आलीस? यवतमाळात काय कमी होती?”

“आईने सांगितलं असेल, मी कन्सल्टंट आहे.”

“हो.”

“बारमध्ये गाते मी. कन्सल्ट मला कोणी करत नाही.”

“बूट काढ आधी,” काकू आतून ओरडल्या. “घोड्यावरून आलीस काय?”

“हिने जन्मात एकच घोडा पाहिला,” काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “उटीला. त्याच्यावर बसवली तर रडून गोंधळ घातला. शेवटी घोडेवाला रडकुंडीला आला. आणि आता गाणी काय तर घोड्यांची.”

“बाबा, एका गाण्यात घोडा आहे. वन साँग.”

“त्यातही तो मरतो.”

ही माझी आणि ताईची पहिली भेट. ती छत्तीस वर्षांची होती, टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री गाण्यांच्या राजधानीत, अकरा वर्षं काढून आई-वडिलांकडे मॉरिसव्हिलला परत आली होती, आणि तिच्या लहानपणच्या खोलीत काकूंनी ट्रेडमिल ठेवलेलं होतं. ट्रेडमिलवर कुरडया वाळत घातलेल्या. ती त्या कुरडयांशेजारी गादी टाकून झोपायची आणि म्हणायची की नॅशव्हिलपेक्षा इथे जास्त रिस्पेक्ट आहे, तिथे शेजारी ड्रमर झोपायचा.

तिचं आयुष्य मला असंच तुकड्या-तुकड्यांनी कळलं, बहुतेक जेवताना, आणि बहुतेक तिच्याआधी काका-काकूंनी सांगून टाकलेलं.

काका नागपूरचे. इंजिनियर होऊन इकडे यायच्या आधी ते एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्त्यावस्त्यांतून त्यांचे कार्यक्रम असत. अमेरिकेत आल्यावरही ती खोड गेली नाही. आसपासची आपली दहा-पंधरा कुटुंबं एखाद्या शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेऊन जयंती करायची. वंदना व्हायची, भाषणं व्हायची, मग काका पेटी काढायचे. ताई तेव्हा सहा-सात वर्षांची. मागे कोरसमध्ये उभी राहून टाळ्या वाजवायची. शब्दांतलं तिला निम्मंच कळायचं, पण ठेका कधी चुकला नाही. हे काका अजूनही सांगतात. त्यानंतर तिने काही बरोबर केल्याचं मात्र ते सांगत नाहीत.

शेजारी एक म्हातारा गोरा माणूस राहायचा. तो गराजमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि दिवसभर रेडिओवर कंट्री गाणी लावायचा. ताई शाळा सुटली की त्याच्याकडे जाऊन बसायची. तिचं म्हणणं, तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. “आपल्या गाण्यांत काय असतं? माणूस उभा राहतो, कुठून आला ते सांगतो, आई कशी राबली ते सांगतो, कोणी छळलं ते सांगतो, आणि कडव्याच्या शेवटी तुला रडवतो. सेम थिंग! फक्त इथे ढोलकीऐवजी गिटार आणि चहाऐवजी व्हिस्की.” मला हे बरोबर वाटलं. माझे मामा गावच्या पार्टीत ढोलकी वाजवतात, आणि त्यांच्यात व्हिस्कीचाही अगदीच अभाव नसतो. पण हे मी तेव्हा बोलले नाही.

मग फार्मसीला ॲडमिशन, दोन वर्षांनी फार्मसी सोडणं, काकूंचं आठवडाभर न जेवणं (काका म्हणतात, “नाश्ता करायची”), आणि जुनी गाडी घेऊन नॅशव्हिल. तिथे ताई सकाळी पॅनकेकच्या हॉटेलात वाढायची आणि संध्याकाळी गायची. कुठे? जिथे गाऊ देतील तिथे. फुटबॉलची मॅच चालू असलेल्या बारमध्ये, ट्रॅक्टरच्या प्रदर्शनात, एकदा एका जत्रेत डुकरांना हाका मारायच्या स्पर्धेच्या आधी.

“आणि त्या दिवशी डुकरंसुद्धा आली नाहीत,” काका म्हणाले.

लोक तिला विचारायचे, कुठची तू? ती म्हणायची, मॉरिसव्हिल. त्याच्या आधी? शेजारचं केरी. त्याच्या आधी? त्याच्या आधी आईच्या पोटात. एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिला सुचवलं की बुटांवर साडी नेस आणि मागे सतार ठेव. ती म्हणाली, मी सतार फक्त रेस्टॉरंटमध्ये ऐकलीये, आणि तीही जेवण यायला उशीर झाला तरच. तिथून तिला परत बोलावणं आलं नाही. एकदा एका बऱ्यापैकी मोठ्या गायिकेने तिचं गाणं रेकॉर्ड केलं, पण अल्बम निघाला तेव्हा त्यात ते नव्हतं. ताई हे सांगताना हसली आणि मग बराच वेळ ताटातला भात चिवडत बसली. मीही भात चिवडला. सोबत म्हणून.

मी राहायला गेले त्यानंतरच्या वसंतात तिला शेवटची संधी आली. शेवटची असं तीच म्हणायची. नॅशव्हिलच्या एका पब्लिशिंग कंपनीचा माणूस तिला ऐकायला येणार होता. पब्लिशिंग म्हणजे काय हे तिने मला न विचारता समजावलं, कारण मी मान हलवत होते: “कंपनी तुला महिन्याचा पगार देते आणि तू फक्त गाणी लिहायची. ती मोठ्या सिंगर्सना देते. म्हणजे पॅनकेक बंद.”

“हेल्थ इन्शुरन्स?” काकांनी विचारलं.

“आहे.”

“दातांचा?”

“बाबा!”

दातांचा प्रश्न उगाच नव्हता. काकूंनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की हे जमलं नाही, तर सप्टेंबरपासून तिने कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजिनिस्टच्या कोर्सला जायचं. दात साफ करायचं शिक्षण. काकूंच्या बहिणीच्या मुलीने केलं होतं आणि तिचं घर झालं होतं. तेव्हा एका बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला लोकांचे दात, आणि मध्ये एक रविवार.

कार्यक्रम गावाबाहेरच्या एका जागी होता. पूर्वी तिथे जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं, आता त्याची लिसनिंग रूम केली होती. म्हणजे फक्त ऐकायची खोली. चार गीतकार उंच स्टुलांवर रांगेत बसतात आणि आळीपाळीने आपलं एकेक गाणं म्हणतात, ते कसं सुचलं ते सांगतात. गाणं चालू असताना लोकांनी बोलायचं नाही, उठायचं नाही. तशी पाटी लावलेली असते. एवढी शांतता मी फक्त दहावीच्या पेपरला अनुभवली होती, तीही भरारी पथक आल्यावर.

अडचण काकांची होती. ताईच्या कार्यक्रमांना यायची त्यांना बंदी होती. मागे एका जत्रेत ते स्टेजवर चढून ड्रमरला लय पकडून दाखवायला लागले होते. पण या वेळी काकूंनीच भीड घातली. “शेवटचाच असला तर बघू दे त्यांना. मी नाही येत, माझं बीपी वाढतं.”

ताईने मला बाजूला घेतलं. तिच्या कार्यक्रमांत मी तिचे टी-शर्ट विकायला टेबलाशी बसायचे. त्यात मी फार चांगली नव्हते. गिऱ्हाईकाला मी आधीच सांगायचे की धुतल्यावर हा थोडा आटतो. “तू विकतेस की वॉर्न करतेस?” असं ती म्हणायची. पण त्या दिवशी ती म्हणाली, “टी-शर्ट सोड. आज तुझं काम एकच. बाबांना खुर्चीत ठेवायचं. फक्त माझी तीन गाणी. प्लीज यार.”

मी हो म्हणाले. मनात विचार आला, ठेवायचं म्हणजे कसं? वडीलधाऱ्या माणसाचा हात धरून बसवायचं? आमच्याकडे बापाला कोणी हात धरून बसवत नाही. तो पडत असला तरी आधी विचारतात.

दुपारी चारला सुरुवात झाली. पब्लिशिंगवाला दुसऱ्या रांगेत होता. स्वच्छ विंचरलेली दाढी, आणि ताईच्या बुटांपेक्षा महाग वाटणारे बूट. पहिल्या गायकाने आपल्या घटस्फोटावर गाणं म्हटलं. दुसऱ्या बाईंनी मेलेल्या कुत्र्यावर म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मी रडले. सगळेच रडले. काका माझ्या कानाशी वाकले. “कुत्र्याचं एवढं? मग माणसाचं कधी येणार?” मी त्यांना पेपरमिंटची गोळी दिली. ती कागदातून सोडवताना इतका आवाज झाला की वेट्रेसने मागे वळून पाहिलं.

ताईची पहिली दोन गाणी नीट पार पडली. काका हाताची घडी घालून बसले होते, परीक्षकासारखे. मला वाटलं, माझं काम झालं.

मग शेवटच्या फेरीत तिने एक नवीन गाणं काढलं. आम्ही घरात ते कोणीच ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, हे शाळेत रोज उशिरा पोचणाऱ्या एका मुलीचं गाणं आहे. पहिल्या कडव्यात शाळेची घंटा, दुसऱ्यात गाडी, मागच्या सीटवरची मुलगी, हातात डबा. आणि तिसऱ्यात ते आलं. शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी येऊन उभी आहे, घंटा वाजून गेलीये, पण पुढे बसलेला माणूस इंजिन बंद करत नाही, कारण कॅसेटमध्ये कडवं चालू आहे आणि कडवं अर्ध्यात तोडायचं नसतं. हा माणूस दिवसभर ऑफिसात खाली मान घालून बसणार आहे. त्याला कुणी त्याच्या नावानं नीट हाक मारणार नाही. म्हणून तो हे एक कडवं पूर्ण ऐकून घेतो, आणि मुलगी मागे बसून त्याच्या मानेकडे बघते.

मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. बघायला भीती वाटली. पण त्यांचा हात खिशाकडे गेलेला मला दिसला आणि मला कळलं. खोलीतल्या एवढ्या माणसांत बहुतेक मला एकटीलाच कळलं.

गायन पार्टीचा आमच्याकडे एक रिवाज आहे. एखादी ओळ काळजाला लागली, की ऐकणारा उठतो, नोट काढतो, स्टेजपर्यंत चालत जातो आणि ती वर धरून उभा राहतो. दहाची असो की पन्नासची. गाणारा गाणं थांबवतो, नोट घेतो, देणाऱ्याचं नाव-गाव पुकारतो आणि तीच ओळ पुन्हा घेतो. नाव पुकारल्याशिवाय देणारा जागचा हलत नाही. गाणं मध्येच थांबलं म्हणून कोणाला वाईट वाटत नाही. गाणं थांबवावं लागलं, हाच तर गाणाऱ्याचा मान. आमचे मामा सांगतात की एकदा एका गाण्याला इतकी बक्षिसं आली की गाणं संपायला पहाट झाली, आणि शेवटची ओळ कोणी ऐकलीच नाही.

मी काकांचा हात धरायला हवा होता. तेवढा वेळ होता. मी धरला नाही. भिडेमुळे, असं मी ताईला नंतर सांगितलं. ते अगदीच खोटं नाही.

खुर्ची सरकली. त्या शांततेत तो आवाज भूकंपासारखा झाला. काका ताठ चालत पुढे गेले आणि स्टेजसमोर नोट वर धरून उभे राहिले. ताईने पाहिलं. डोळे मिटून गात राहिली. काका उभेच. मागे माणसं चुळबुळायला लागली. वेट्रेस ट्रे घेऊन पंजांवर चालत आली आणि कुजबुजली, “सर, टिप जार मागे आहे.”

“नो नो,” काका कुजबुजले नाहीत. “धिस इज फॉर धिस लाइन.”

कोणीतरी फिसकन हसलं. ताईची बोटं थांबली. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता दात. आता आयुष्यभर दात.

आणि मग माइकवरून मराठी ऐकू आलं. तिचं मराठी एरवी पोह्यांपुरतं असतं. पण हे कोरसमध्ये मागे उभ्या राहिलेल्या सहा वर्षांच्या मुलीचं होतं, ठेक्यासकट. तिने काकांचं पूर्ण नाव घेतलं, मधल्या, आजोबांच्या नावासह, आणि पुकारलं: “मुक्काम मॉरिसव्हिल, यांच्याकडून या कडव्याला बक्षीस!” मग लोकांना इंग्रजीत एवढंच म्हणाली, “सॉरी, हे माझे वडील. आमच्याकडे असंच असतं.” आणि तिने तिसरं कडवं पहिल्यापासून घेतलं.

काका परत येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पेपरमिंटची दुसरी गोळी मागितली.

गोष्ट इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण शेवटच्या रांगेतला टोपीवाला, पोट सुटलेला एक म्हातारा उठला, नोट घेऊन पुढे गेला आणि वर धरून उभा राहिला. ताईने वाकून त्याला नाव विचारलं. “आणि हे माझ्या बायकोकडून,” तो म्हणाला, “ती बाहेर ट्रकमध्ये बसलीये, तिला ही जागा आवडत नाही.” ताईने तेही पुकारलं, बायको आणि ट्रकसह. मग कुत्र्यावर गाणाऱ्या बाई स्टुलावरून उतरल्या. तिसरं कडवं तिने किती वेळा म्हटलं, मी मोजलं नाही. जागेचा मालक दारात हाताची घडी घालून उभा होता आणि त्याची पाटी त्याच्या डोक्यावर लटकत होती.

परतताना गाडीत फक्त काका बोलले. त्या पहिल्या गायकाची गिटार उतरलेली होती, असं त्यांचं मत पडलं.

चार दिवसांनी पब्लिशिंगवाल्याचा फोन आला. ताईने तो स्वयंपाकघरात स्पीकरवर लावला. काकू वरणफळं करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. तो माणूस खुशीत होता. गाणं सुंदर, तू सुंदर, पण ते वडिलांचं जे काय होतं, ते तर सोनं! कुणाची कल्पना? आम्ही तुझ्याशी करार करायला तयार आहोत. शिवाय अख्खा उन्हाळा एका मोठ्या गायकाच्या कार्यक्रमांच्या आधी तू गायचंस. फक्त तो भाग हवा. दर शोला, त्याच गाण्याला, तिसऱ्या कडव्याला वडील उठतील, पुढे येतील. वेट्रेससुद्धा ठेवू.

काकूंचे ओठ हलले: इन्शुरन्स.

“दर शोला?” काकांनी फोनकडे वाकून विचारलं.

“एव्हरी शो, सर! तुमचाही खर्च देऊ.”

काका गोंधळले. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, “रोज काय म्हणून बक्षीस देऊ? रोज तू तेवढं चांगलं गातेस का?”

“बाबा!”

“नाही, खरं सांग. चार दिवसांतून एकदा तुझा वरचा सूर हलतो.”

“अहो, पण त्यात दातांचासुद्धा आहे!” काकू न राहवून म्हणाल्या.

ताईने उद्या कळवते म्हणून फोन ठेवला. आणि काका, हे मला सांगायलाच हवं, लगेच तयार झाले. मुलीचं काम होणार होतं. ते म्हणाले, तालीम करू. मी आयुष्यात एवढं नाही करू शकत का?

तालीम दिवाणखान्यात झाली. काकू सोफ्यावर, पब्लिक म्हणून. मी हातात ताट घेऊन, वेट्रेस म्हणून. काका डायनिंगच्या खुर्चीवर. ताईने गाणं सुरू केलं. तिसरं कडवं आलं, गेलं, गाणं संपलं. काका बसलेलेच.

“काय झालं?”

“आलं नाही.”

“काय आलं नाही? उठायचंय फक्त!”

“उठावंसं वाटायला हवं ना.”

“बाबा, ॲक्टिंग करा! नुसतं ॲक्टिंग!”

दुसऱ्यांदा ते अर्धे उठले आणि गुडघा धरून पुन्हा बसले. तिसऱ्यांदा मात्र ठरल्याप्रमाणे उठले, चालत गेले, हात वर केला. मीही ठरल्याप्रमाणे म्हटलं, सर, टिप जार मागे आहे. त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं. एक शब्द चुकला नाही. पण त्यांचा चेहरा पोलिसाला लायसन्स दाखवताना होतो तसा होता. डोळे कुठेतरी पंख्यावर. मला एकदम वाईट वाटलं, आणि ताट कुठे ठेवावं कळेना.

ताईने गिटारवर हात ठेवून तारा बंद केल्या. “बसा बाबा,” ती म्हणाली.

“पुन्हा करतो. आता जमेल.”

“नको. मी असल्या नाटकासमोर नाही गाऊ शकत. रविवारी तुम्ही खरे उठला होतात.” मग नाक ओढून म्हणाली, “यू आर द वर्स्ट ॲक्टर इन नॉर्थ कॅरोलिना.”

“शाळेत मला नाटकात बक्षीस होतं!” काका दुखावले.

“अरे, हो म्हणून टाक, असं सांगा ना तिला कोणीतरी,” काकू कोणाकडे न बघता म्हणाल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि गार झालेली वरणफळं पुन्हा गॅसवर ठेवली.

ताई अंगणात जाऊन फोन करून आली. तो माणूस म्हणाला होता की वडिलांना जमत नसेल तर हरकत नाही, आम्ही कोणीतरी नट घेऊ. “माझ्या बाबांसाठी कास्टिंग,” ती म्हणाली. “पगडीवाला कोणीतरी आणतील, यू वॉच.” तिने नाही म्हटलं. मग त्यांनीही नाही म्हटलं, जास्त नम्रपणे.

काकू दोन दिवस दोघांशी बोलल्या नाहीत. निरोप माझ्यामार्फत जायचे: “तुझ्या काकांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.” काका समोरच बसलेले असायचे.

तालमीच्याच संध्याकाळी मी जिन्यावर असताना मात्र एक ऐकलं. ताई काकांना विचारत होती, “ॲक्टिंग सोडा. आज गाणं म्हणून का नाही आलं? कुठे पडलं?”

“दुसऱ्या कडव्यात घाई करतेस,” काका लगेच म्हणाले, जणू दिवसभर कोणी विचारायची वाट बघत होते. “तिसऱ्याला पोचायची घाई. गाडी अजून रस्त्यावर आहे आणि तू पार्किंग शोधतेस.”

“रविवारीपण?”

“रविवारीपण. रविवारी तिसऱ्याने वाचवलं तुला.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“मला बंदी होती.”

सप्टेंबरात ताई कोर्सला लागली. शनिवारी ती अजूनही गाते, त्याच लिसनिंग रूममध्येसुद्धा, फक्त मालकाने पाटी मोठी केली आहे. काका दर वेळी येतात आणि अजून एकदाही उठलेले नाहीत. कोर्समधल्या प्रत्येकीला सरावासाठी माणसं लागतात. माझ्याकडे दातांचा इन्शुरन्स नाही, म्हणून तिची पहिली पेशंट मी झाले. ती माझे दात साफ करताना ते दुसरं कडवं म्हणत होती. तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला हरकत घेता येत नाही, हा या कामाचा मोठा फायदा आहे, असं ती म्हणते. कडवं सावकाश चाललं होतं. गाडी रस्त्यावरच होती. डावीकडे वळली, सिग्नलला थांबली, मागच्या सीटवर डबा घरंगळला.

ती थांबली, मास्क खाली ओढला आणि माझ्यावर वाकली.

“अजून घाई वाटते?”

माझ्या तोंडात दोन अवजारं आणि पाणी ओढायची नळी होती.

“बंदी असलेल्या बाबांसारखी गप्प नको बसूस,” ती म्हणाली. “काहीतरी बोल.”